कुठेही चालते ती डीएलएल, एक्सई नव्हे

महोदय,

डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत लिहिलेला प्रोग्राम विंडोज, लिनक्स, मॅक कुठेही चालतो, असं क्लासमध्ये शिकवतात. खरंच आहे ते. पण चालते ती कुठली फाइल, हे सांगायचं राहून जातं आणि प्रोजेक्ट सबमिशनच्या दिवसांत घोळ होतो.

विंडोजवर साधा कन्सोल प्रोग्राम पब्लिश केला, म्हणजे दुसरीकडे नेण्यासाठी तयार केला, की एक एक्सई (थेट चालवायची फाइल), त्याच नावाची डीएलएल (कोडची फाइल) आणि सोबत सेटिंग्जच्या दोन जेसन फाइली मिळतात. आपला कोड सगळा डीएलएलमध्ये. एक्सई म्हणजे दीडेकशे केबीचा नुसता चोपदार. रनटाइम, म्हणजे कोड प्रत्यक्ष चालवणारा डॉटनेटचा भाग, शोधायचा आणि डीएलएल त्याच्या पुढ्यात उभी करायची, एवढंच त्याचं काम. म्हणून एकटी एक्सई पेनड्राइव्हवर नेली, तर डीएलएल सापडत नाही अशी एरर येते. २०१९ च्या डॉटनेट कोअर ३.० पूर्वी साध्या पब्लिशमध्ये एक्सई यायचीच नाही. ‘डॉटनेट’ टाइप करून पुढे डीएलएलचं नाव द्यावं लागे. आमच्या मते तेच बरं होतं. रनटाइम बसवलेला असेल तिथे ती कमांड आजही चालते.

एक्सई विंडोजपुरतीच; लिनक्सची तशी थेट चालणारी फाइल हवी असेल तर पब्लिशच्या कमांडमध्ये, कुठल्या सिस्टिमसाठी ते सांगणारं ‘-आर’ लावून ‘लिनक्स-एक्स६४’ लिहायचं. फाइलला एक्स्टेन्शन नसतं, त्यामुळे एक्सई शोधत बसू नये. विंडोजवरून कॉपी केल्यावर ‘परमिशन डिनाइड’ येतं, कारण विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये लिनक्सचा एक्झिक्यूट बिट (फाइल चालवायची परवानगी देणारी खूण) नसतो. ती खूण लावणारी ‘सीएचमॉड +एक्स’ कमांड दिली की काम होतं. अल्पाइन या छोटेखानी लिनक्सवर मात्र ‘लिनक्स-मसल-एक्स६४’च लागतं. नाहीतर फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘नॉट फाउंड’ येतं. सापडत नसतो तो जीलिबसीचा (नेहमीच्या लिनक्समधल्या सी लायब्ररीचा) लोडर, म्हणजे प्रोग्राम मेमरीत चढवणारा भाग.

जुन्या नोट्स इथे हमखास दगा देतात. पूर्वी ‘-आर’ दिलं की रनटाइमही आपोआप सोबत यायचा आणि फोल्डर साठ-सत्तर एमबीचं व्हायचं. डॉटनेट ८ पासून येत नाही. तेव्हा ‘सेल्फ-कन्टेन्ड’ (रनटाइम सोबत घ्यायचा का) ट्रू की फॉल्स, ते दर वेळी स्पष्ट लिहावं.

आणि फाइली उचलायच्या त्या आतल्या ‘पब्लिश’ फोल्डरमधूनच. सिंगल-फाइल पर्याय निवडला असेल तर एकत्र बांधलेली एक्सई तिथेच असते. वरच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची जी छोटी एक्सई दिसते, ती बिल्डची, म्हणजे पब्लिशआधीच्या कंपाइलची.

– एक संगणक प्रशिक्षक, नाशिक