मयतनिधीची वही आणि कोलंबसचे शिलेदार

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेल्या महिन्यात अमेरिकेतील लहान गावांवर एक लेख प्रसिद्ध झाला. लेख वाचनीय होता. परंतु त्यात कॅथलिक चर्चशी जोडलेल्या पुरुषमंडळांची बोळवण ‘निवृत्तांचे विरंगुळ्याचे क्लब’ एवढ्या तीन शब्दांत केली आहे, आणि पुढच्याच परिच्छेदात ‘येथे कोणी कोणाच्या दारात जात नाही’ असा निष्कर्ष काढला आहे. ओहायओ राज्यात, लेक ईरी या मोठ्या सरोवराच्या काठापासून गाडीने अर्ध्या तासावर असलेल्या एका छोट्या गावात मी 28 वर्षे राहतो. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे अशा मंडळाचा सभासद होऊ शकत नाही. तरीही त्याच्या स्वयंपाकघरात कोबी चिरण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. या अनुभवावरून चार गोष्टी लिहिण्याची परवानगी असावी.

आमच्या गावातील मंडळ म्हणजे ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ या संघटनेची स्थानिक शाखा, जिला येथे ‘कौन्सिल’ म्हणतात. नाइट म्हणजे शिलेदार. तेव्हा ‘कोलंबसचे शिलेदार’ असे मराठीत म्हणता येईल. अध्यक्षाला ‘ग्रँड नाइट’ म्हणतात. सणासुदीला वरच्या पायरीवरचे सभासद तलवारी लावून मिरवणुकीत चालतात. 2017 मध्ये गणवेशबदल जाहीर होईपर्यंत त्यांच्या डोक्यावर पिसांची टोपी असे, ती जाऊन आता साधी बेरे टोपी आली आणि त्यावरून गावातले काही आजोबा अजून रुसलेले आहेत. बाहेरच्या माणसाला एवढेच दिसते, आणि लेखिकेलाही एवढेच दिसले असावे. त्यांना दोष देण्याचा हेतू नाही. पहिली काही वर्षे मलाही हा पोशाखी हौसेचा प्रकार वाटत असे.

या संघटनेचा जन्म मात्र एका हिशेबातून झाला. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन शहरात सेंट मेरीज चर्चच्या तळघरात 2 ऑक्टोबर 1881 रोजी तेथील सहायक धर्मगुरू फादर मायकेल मॅकगिव्हनी यांनी काही पुरुषांना एकत्र बोलावले, आणि 29 मार्च 1882 रोजी राज्याच्या विधिमंडळाने संघटनेला सनद दिली. त्या वेळी मॅकगिव्हनी अवघे 29 वर्षांचे होते. तेथील कॅथलिक लोक बहुतांशी आयरिश स्थलांतरित. कारखान्यांत राबणारे, कमी पगाराचे आणि गावातल्या जुन्या घराण्यांना नकोसे झालेले. कर्ता माणूस गेला की घर मोडे. मुलांच्या पालनपोषणाची हमी घेणारे कोणी पुढे आले नाही, तर त्यांचे काय करायचे हे न्यायालय ठरवी. अशाच एका कुटुंबातील किशोरवयीन मुलाचे पालकत्व मॅकगिव्हनींनी स्वतः घेतले होते. ही वेळ त्यांनी घरातही पाहिली होती. त्यांचे वडील वॉटरबरी गावच्या पितळेच्या कारखान्यात काम करीत. 1873 मध्ये ते वारले, तेव्हा तेरा भावंडांतला हा थोरला मुलगा सेमिनरीतील, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातील, शिक्षण सोडून घरी परतला आणि बिशपांनी पैशांची सोय केली म्हणूनच पुन्हा शिकायला जाऊ शकला.

त्यांनी काढलेला तोडगा इतका साधा होता की आपल्याकडील कोणत्याही भिशीवाल्याला तो एका वाक्यात समजावा. सभासद वारला की त्याच्या विधवेला 1000 डॉलर द्यायचे, आणि त्यासाठी प्रत्येक मृत्यूमागे प्रत्येक सभासदाने एक डॉलर भरायचा. सभासद एक हजाराच्या वर गेले की त्या प्रमाणात वर्गणी उतरवायची. तरुण आणि म्हाताऱ्याने सारखेच भरावे, यात गोम होती, आणि पुढे वर्गणी वयानुसार ठरू लागली. आज जगभर या संघटनेचे वीस लाखांहून अधिक सभासद आहेत आणि तिच्या विम्याची एकूण रक्कम शंभर अब्ज डॉलरच्या वर आहे. आता विमा रीतसर एजंटाकडून, हप्ते भरून घ्यावा लागतो, सभासद झाले म्हणून तो आपोआप मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. मॅकगिव्हनी स्वतः 1890 मध्ये, अडतिसावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले असताना, न्यूमोनियाने गेले. 31 ऑक्टोबर 2020 रोजी चर्चने त्यांना ‘धन्यवादित’, म्हणजे संतपदाच्या अलीकडच्या पायरीवरचे, म्हणून घोषित केले.

हे वाचताना मला माझ्या वडिलांची वही आठवते. ते परळच्या एका गिरणीत साचेवाले होते आणि आमच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाच्या खोलीत राहत असत. वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या वाडीतील चाळीसएक चाकरमानी पाळीपाळीने त्या एका खोलीत झोपत, आणि भिंतीवरच्या फळीवर एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही असे. तिच्या मागच्या बाजूने ‘मयतनिधी’ सुरू होई. माणूस गेला की माणशी दोन रुपये. नावासमोर बरोबरची खूण, आणि ज्याने दिले नाहीत त्याच्यापुढे काही न लिहिता मोकळी सोडलेली जागा. ती मोकळी जागा फार बोलकी असे. न्यू हेवनमधल्या त्या आयरिश लोकांनी गिरणगाव पाहिले नव्हते आणि आमच्या वाडीने मॅकगिव्हनींचे नाव ऐकले नव्हते; पण गाव सोडून पोटामागे आलेल्या माणसाला कोणत्या भीतीने झोप येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

आता आमच्या ओहायओतल्या गावाकडे येतो. राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला की ईस्टरपर्यंतच्या शुक्रवारी कॅथलिक लोक मांस खात नाहीत, मासा मात्र चालतो. (आमच्या मालवणी घरांत श्रावणात मासाही बंद होत असल्याने ही सवलत मला प्रथम फारच उदार वाटली.) या शुक्रवारी संध्याकाळी कौन्सिलच्या सभागृहात ‘फिश फ्राय’ असतो. चार वाजल्यापासून सत्तरीतले आठ-दहा पुरुष ॲप्रन बांधून तेलाच्या मोठ्या कढयांसमोर उभे राहतात. लेक ईरीतला पर्च हा लहान, चवीला गोडसर मासा मैद्याच्या पातळ पिठात बुडवून तळायचा, सोबत बटाट्याच्या फोडी, कोबीची कोशिंबीर आणि पावाचा तुकडा. एका वर्षी मी हट्टाने एक ताट भरून मासे हळद, तिखट आणि आगळ लावून, रव्यात घोळवून तळले. ते हातोहात संपले असे लिहायला मला आवडले असते. निम्मे परत आले आणि आम्ही ते घरी नेऊन खाल्ले. मात्र पुढल्या शुक्रवारी ग्रँड नाइटने मला बाजूला घेऊन विचारले की ‘त्या लाल माशांपैकी’ दोन बायकोसाठी करून मिळतील का.

रांगेत लुथरन, मेथडिस्ट अशा इतर ख्रिस्ती पंथांचे लोक असतात, कोणत्याच चर्चला न जाणारे शेतकरी असतात, आणि आमच्यासारखी दोन-चार भारतीय घरेही असतात. पहिल्या महायुद्धात या संघटनेने सैनिकांसाठी विश्रांतीगृहे चालवली होती. त्यांच्या दारावर ‘सर्वांचे स्वागत, सर्व काही मोफत’ अशी पाटी असे. आमच्याकडे मासा मोफत नाही, स्वागताचे म्हणाल तर ते आजही तसेच आहे. आमची दिवाळीही गेली कित्येक वर्षे याच सभागृहात होते, आणि भाडे ठरवताना ते कधी ताणून धरीत नाहीत. जमलेल्या पैशातून थंडीपूर्वी गरीब घरांतल्या मुलांना नवे कोट घेतले जातात. वर्षातून एकदा हेच आजोबा पिवळे ॲप्रन घालून किराणा दुकानाच्या दारात उभे राहतात, येणाऱ्याजाणाऱ्याला चॉकलेटची गोळी देतात आणि डब्यात पडलेली नाणी बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठीच्या कामाला देतात.

परंतु ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले, तो प्रसंग याहून शांत आहे. आमच्या घरासमोर राहणारा ट्रकचालक काही वर्षांपूर्वी हृदयविकाराने अचानक गेला. मागे पत्नी आणि शाळेतली दोन मुले. तो कौन्सिलचा सभासद होता. दफनविधीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसे आली आणि अंगणातले गवत कापून निघून गेली. पुढच्या शनिवारी चौघे आले, त्यांनी गळणारी पन्हाळ बदलली. तो हिवाळाभर बर्फ पडला की त्या घराची वाट आमच्या वाटेआधी मोकळी होत असे. कौन्सिलचा कोषाध्यक्ष एक पाकीट घेऊन आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली ठेवून गेला, असे तिने माझ्या पत्नीला नंतर सांगितले. त्याने विम्याचे कागद कसे भरायचे तेही समजावून दिले. या कशाचेही छायाचित्र कोठे लागले नाही.

संघटनेचे मी गुणगान करीत आहे असे कोणास वाटू नये म्हणून खटकणाऱ्या गोष्टीही सांगतो. सभासदत्व फक्त अठरा वर्षांवरील कॅथलिक पुरुषांना मिळते. विधवेसाठी काढलेल्या संघटनेत विधवेला मत नाही, हे मला कधीच पटलेले नाही. 1882 मध्ये ‘तुम्ही परके’ असे हिणवले जाणाऱ्या कॅथलिकांना कोलंबसचे नाव हे या भूमीवरच्या आपल्या हक्काचे प्रतीक वाटले. येथील मूळ रहिवाशांना ते नाव आज कसे ऐकू येते, हा प्रश्न सभागृहात काढला की कढईकडे पाहत विषय बदलला जातो. राजकारणातल्या काही प्रश्नांवर संघटनेची भूमिका ठाम आणि अर्थातच चर्चची आहे. माझी ती नाही. आणि पन्नाशीखालचे सभासद आमच्या कौन्सिलमध्ये बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. ‘निवृत्तांचे’ हा लेखातला शब्द तेवढा खरा आहे.

आता मूळ मुद्दा. या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांचेही एक छोटे मंडळ आहे. गणपती, दिवाळी, संक्रांत हे सारे आम्ही हौसेने करतो. तीन वर्षांपूर्वी मंडळातला तिशीतला एक मुलगा महामार्गावरच्या अपघातात गेला. तो तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आला होता, नोकरी कंत्राटदारामार्फत होती. पत्नीचा व्हिसा त्याच्यावर अवलंबून, म्हणजे नवरा गेला त्या दिवसापासून या देशात राहण्याचा तिचा आधारही डळमळीत झाला. पार्थिव भारतात पाठवायचे, घरभाड्याचा करार मोडायचा, वकील गाठायचा. त्या रात्री आम्ही सर्वांनी मिळून इंटरनेटवर मदतीचे आवाहन तयार केले. पैसे जमले, चांगले जमले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आवाहनाला छायाचित्र हवे म्हणून तिच्या फोनमधून बाळाच्या बारशाचा फोटो मागून घेणारा मी होतो. तिने तो न बोलता दिला. शेकडो अनोळखी माणसांनी तो पाहिला, आणि तो अजूनही तेथेच आहे.

मदत मिळण्यासाठी दुःख नीट मांडावे लागते, आणि ज्याच्या ओळखी अधिक, लेखणी चांगली, त्याच्या घरी अधिक पैसे येतात. शेजारच्या राज्यात त्याच वर्षी एक मराठी कामगार गेला. त्याच्यासाठी काढलेले आवाहन शेवटपर्यंत अर्धेही भरले नाही. मॅकगिव्हनींच्या एका डॉलरमध्ये आणि वडिलांच्या दोन रुपयांत ही विषमता नव्हती, कारण वर्गणी कोण गेला हे कळण्याआधीच कबूल केलेली होती. विधवेला कोणापुढे काही सिद्ध करावे लागत नव्हते.

त्या घटनेनंतर मी आमच्या मंडळाच्या बैठकीत प्रस्ताव मांडला की प्रत्येक घराने दरमहा ठरावीक रक्कम एका वेगळ्या खात्यात टाकावी, आणि कोणाच्याही घरी मृत्यू झाला तर अर्ज, आवाहन, छायाचित्र यांपैकी काहीही न मागता आठवड्याच्या आत ठरलेली रक्कम पोचवावी. बैठक दिवाळीच्या तयारीची होती. एका सदस्यांनी हळूच म्हटले, ‘सणाच्या तोंडावर हा विषय नको.’ बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि फराळाच्या पाकिटांचा दर ठरवण्याकडे चर्चा वळली. संक्रांतीला मी पुन्हा विचारले, तेव्हा कायदेशीर अडचणी सांगितल्या गेल्या. त्या खऱ्या आहेत; अशा निधीला येथील विमाविषयक आणि करविषयक नियम लागू शकतात आणि जाणकाराचा सल्ला घ्यावाच लागेल. कौन्सिलच्या कोषाध्यक्षाला मी हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला की त्यांच्याही पहिल्या वर्षांत भांडणे झाली होती, आणि त्याने आपल्या जुन्या नियमावलीची एक प्रत मला काढून दिली.

संपादक महोदय, आपले दैनिक इंटरनेटमुळे अमेरिका, आखाती देश, ऑस्ट्रेलिया येथील मराठी घरांत रोज पोचते. ज्या मंडळांनी असा मयतनिधी प्रत्यक्षात चालवला असेल, त्यांनी वर्गणी किती, नियम कोणते आणि पहिला नकार कसा पचवला, हे आपल्या स्तंभातून कळवावे, अशी विनंती आपण वाचकांना कराल काय? आमची पुढची बैठक गुढीपाडव्याच्या आधी आहे. या वेळी फराळाचा विषय त्या दिवशी नाही, हे मी सचिवांकडून आधीच लिहून घेतले आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक
(ओहायओ, अमेरिका; मूळ गाव वेंगुर्ले तालुका)