पेटी माझ्याकडे आहे, बाबा

नागपूर,
2 डिसेंबर

आई-बाबा, सप्रेम सलाम.

आधी मुख्य गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. आपली वाजवायची पेटी माझ्याकडे आहे. दसऱ्याला आले होते तेव्हाच नेली. निघताना आईने विचारलं होतं, एवढं जड काय गं गाठोड्यात? मी म्हणाले, जुन्या गोधड्या आहेत, उसवून शिवून घेते. आई, मी तुझ्याशी खोटं बोलले. अमरावती येईपर्यंत ते गाठोडं मांडीवर होतं आणि माझ्या घशाखाली पाण्याचा घोट उतरत नव्हता.

बाबा, तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. तुम्ही एकदा नाही म्हटल्यावर मला हात लावता आला नसता, म्हणून विचारलं नाही. आणि खरं सांगते, कणगीमागची भिंत या पावसाळ्यात पुरती ओली झाली होती. भात्याचं चामडं उंदरांनी कुरतडलं होतं. अजून एक पावसाळा गेला असता तर नुसती फळकुटं हाती आली असती. आजोबांनी संत्र्याच्या पहिल्या बहाराच्या पैशातून घेतलेली पेटी. ती अशी सडताना बघवेना.

इथे महाल भागात एक म्हातारे कारागीर आहेत. त्यांनी माझ्यासमोर उघडली. आत झुरळांनी घर केलेलं, दोन सूर मुके, आणि खालच्या सप्तकातला एक सूर भाता हलवला की आपोआप रडायला लागायचा. ते म्हणाले, लाकूड सागवानी आहे, जीव आहे अजून. नवा भाता बसवला, सूर घासून मिळवून दिले. 2800 रुपये लागले. ते माझे आहेत, त्याचा हिशेब मनात धरू नका. पट्ट्या पुसताना त्यांनी विचारलं, हे लाल ठिपके खरवडून काढू का? मी इतक्या जोरात नको म्हणाले की ते दचकले. दादाला सा कुठे आणि प कुठे ते कळावं म्हणून तुम्ही नेलपॉलिश लावलं होतं ना? ती बाटली मी बहिरमच्या यात्रेतून आणलेली होती, आणि दोनच बोटं रंगवून झाली होती. तीन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते मी. आई मला समजावायची, ‘त्याले शिकू दे वं माय, तुले दुसरी घेऊन देईन.’ दुसरी आलीच नाही. ठिपके अजून तसेच आहेत, बाबा. सा वरचा थोडा उडालाय, तेवढाच.

हे सगळं आत्ताच का, ते सांगायला हवं. ऑगस्टमध्ये माझी रात्रपाळी चालू होती. यवतमाळकडचा एक तरुण फवारणीच्या विषबाधेने आला होता. त्याच्या कपड्यांचा वास मी दारातूनच ओळखला. त्या वासाचं तुम्हाला काय सांगू? माझे हात कामाला लागले, विष उतरवायचं अ‍ॅट्रोपिन, नाडी, बुबुळं, सगळं बरोबर केलं. पण आतून मी आपल्या अंगणात उभी होते, त्याच दिवसात.

त्याची आई खाटेच्या पायाशी जमिनीवर बसलेली. रात्री दोन-अडीचला वॉर्ड शांत झाल्यावर मी त्याच्या सलाइनजवळ उभी असताना माझ्या तोंडून काहीतरी गुणगुणलं गेलं. मला कळलंच नाही. ते आपलं संध्याकाळचं गीत होतं. कंदील लावून झाला की तुम्ही ओट्यावर म्हणायचे, आणि चुलीवरून भाकरी उतरवता उतरवता आई खालच्या सुरात मिळायची, ते. इतक्या वर्षांत एक ओळ तोंडात येऊ दिली नव्हती मी. लक्षात आल्याबरोबर गप्प झाले. तशी ती बाई म्हणाली, ‘थांबली काहून बाई? म्हण न. माह्या पोराले बरं वाटते.’ मग मी म्हटलं. सगळी कडवी. एकही शब्द अडला नाही. पलीकडच्या खाटेवरचे एक आजोबा कूस वळवून ऐकत होते. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला मध्यरात्री गात होते आणि बाकीचे बंदिवान ऐकत होते, ही गोष्ट तुम्ही शब्बाथ शाळेत किती रंगवून सांगायचे! मला नेहमी वाटायचं, बेड्यांत कोणाला गाणं सुचतं? त्या रात्री कळलं. सुचत नाही. आधी कोणीतरी आत पेरून ठेवलेलं असतं, ते उगवतं.

तो मुलगा वाचला. औषधांनी आणि वेळेवर आणल्याने वाचला, मी नर्स आहे, तेवढं मला कळतं. पण त्या रात्री मी कशी वाचले, ते मला फक्त देवाकडेच बोट दाखवून सांगता येतं.

दादा गेल्यानंतर मी चर्चला जाणं सोडलं, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही कधी विचारलं नाही, त्याचा मला आधारही वाटला आणि रागही आला. फोनवर आई विचारायची, ‘रविवारी गेली होती न?’ आणि मी ड्यूटी होती म्हणायचे. पुष्कळदा नव्हती. आता जाते. माझ्याबरोबर केरळची एक सिस्टर आहे, तिनेच पहिल्या रविवारी हाताला धरून नेलं. मागच्या बाकावर बसले. पहिलं गीत सुरू झालं आणि मी पदराने तोंड झाकलं. शेजारच्या बाईने काही न बोलता ‘उपासना संगीत’ उघडून माझ्या मांडीवर ठेवलं.

तीच सिस्टर रात्री चहाच्या वेळी मोबाइलवर अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गॉस्पेल गाणी लावते. इंग्रजी मला सगळी कळत नाहीत, पण तो आवाज पोटातून येतो. तिने थॉमस डॉर्सी नावाच्या वादकाची गोष्ट सांगितली, ती मी तुमच्यासाठी राखून ठेवली होती, बाबा. पाळकाचा मुलगा, पियानो वाजवायचा. 1932 साली तो दुसऱ्या गावी उपासनेत गायला गेला असताना तार आली, बायको बाळंतपणात गेली. घरी पोचला, तर पाठोपाठ बाळही गेलं. देवावर इतका रुसला की देवाची गाणी पुन्हा करायचीच नाहीत असं त्याच्या मनाने घेतलं. काही दिवसांनी एका मित्राने त्याला पियानो असलेल्या खोलीत नेऊन बसवलं. बोटं पट्ट्यांवर फिरता फिरता ‘प्रभू, माझा हात धर’ अशा अर्थाचं गाणं तयार झालं. मार्टिन ल्यूथर किंग यांना ते फार प्रिय होतं. 1968 साली त्यांच्या अंत्यविधीत महालिया जॅक्सन यांनी तेच गायलं. मला त्या गाण्यापेक्षा तो मित्र जास्त आठवत राहतो. त्याने उपदेश केला नाही. नुसतं वाद्याजवळ नेलं.

मी तुम्हाला उपदेश करत नाही, बाबा. माझी ती लायकीही नाही. दादा का गेला याचं उत्तर मला मिळालेलं नाही. गाऊन दुःख गेलं असंही नाही. पण आधी ते माझ्या एकटीच्या उरावर होतं, आता नाही. रात्री झोपताना मी आभार मानते, आणि सगळ्यांत आधी तुमच्या दोघांचे मानते. तुम्ही मला शेत दिलं नाहीत, सोनं दिलं नाहीत म्हणून आई कधीकधी हळहळते. आई, तू मला तीन-साडेतीनशे गाणी पाठ करून दिलीस, ती कुठल्या बँकेत मावतील?

तुम्ही तालमीला आपल्या ख्रिस्ती कवीच्या, ना. वा. टिळकांच्या गोष्टी सांगायचे ते सारखं आठवतं. 1893 साली रेव्हरंड टिळक आपल्या नागपूरहून राजनांदगावला निघाले आणि आगगाडीच्या डब्यात एका साहेबाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 साली, म्हणजे मधली पाच वर्षं त्या घरात काय चाललं असेल, असं म्हणून तुम्ही थांबायचे आणि आईकडे बघायचे. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताच्या पायाशी आलो असं टिळक म्हणत. तुम्ही हे सांगितलं की शेजारचे काका खूश व्हायचे. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या, म्हणजे तुकडोजी महाराजांच्या मंडळाच्या प्रार्थनेला आपलीच पेटी जायची, आणि नाताळात त्यांची खंजिरी आपल्याकडे यायची. अभंग, ओवी, साकी, सगळं आपल्याच मातीतलं, म्हणून तर कापूस वेचतानाही ती गाणी तोंडात बसायची. तुम्ही पेटी बंद केली तेव्हा काकांनी प्रार्थनेसाठी दुसरी पेटी आणली नाही. तुम्हाला माहीत आहे का हे? मला दसऱ्याला काकूंनी सांगितलं. आजही ते नुसत्या खंजिरीवर म्हणतात.

स्तोत्र 137 मध्ये त्या लोकांनी बाबेलच्या नद्यांजवळ बसून रडत आपल्या वीणा झाडांना टांगून ठेवल्या. मला आता वाटतं, टांगल्या, मोडल्या नाहीत. तुम्हीही पेटी मोडली नाहीत, विकली नाहीत. कापडात गुंडाळून कणगीमागे ठेवलीत. आईने वर फडकं बांधलं. ती गाठ सोडताना माझ्या हाताला कापूर लागला. कापूर तूच ठेवला होतास ना, आई?

आता दुसरी गोष्ट. तीही ठरवून झाली आहे, पण रागावू नका. मी 23 तारखेला पेटी घेऊन येते आहे. दादा गेल्यापासून गीतं म्हणत फिरणारी पोरं आपल्या घरासमोरून मुकाट जातात, कंदीलसुद्धा खाली धरतात. ती तुमचा मान राखतात, हे कळतं मला. पण गेल्या वर्षी मी खिडकीतून त्यांना तसं जाताना पाहिलं, आणि अंधारात तुम्ही खाटेवर उठून बसला होता. तुम्ही त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत होता, बाबा. मी पाळकसाहेबांना फोन केला आहे. यंदा 24 च्या रात्री गाणी आपल्याच ओट्यावरून सुरू होतील. मी वाजवीन. कच्चं वाजवते, पण पेटी दुरुस्त होऊन आल्यापासून रोज बसते आहे. तुम्ही वाजवायचं नाही, गायचं नाही, बाहेर यायचंही बंधन नाही. आतून ऐकलंत तरी चालेल. नाहीच सहन झालं तर आईला सांगा, मी तिथल्या तिथे भाता बंद करीन आणि कोणाला काही वाटू देणार नाही.

पोरांच्या चहाची काळजी आईने करायची नाही. करंज्या आणि चकल्या मी इथून करून आणते. आई, चुलीपुढे बसून पुरण घाटत बसू नकोस, तुझे गुडघे मला माहीत आहेत. तेल लावून कवळ्या उन्हात बसायचं, रोज अर्धा तास, आणि बसायला खाट घ्यायची, जमीन नाही. बाबांची बी.पी.ची गोळी सकाळी चहानंतर, आठवण आली तेव्हा नाही. रिकामी पाकिटं फेकू नकोस, मी आल्यावर मोजणार आहे. लिंबाचं लोणचं बंद म्हणजे बंद. बाबा, तुम्ही आईच्या नजरेआड फोड घेता हे मला शेजारून कळतं.

आणि रात्रीची लाईन आली म्हणून संत्र्याला पाणी द्यायला एकट्याने जायचं नाही. ओलं असतं, साप असतो, आणि तुमच्या डाव्या डोळ्याला अजून नीट दिसत नाही. मोटार सुरू करायला काकांच्या मुलाला सांगून ठेवलं आहे, तो पैसे घेणार नाही म्हणतो, पण तुम्ही द्या. एखादी पाळी चुकली तर झाड मरत नाही. डोळ्यातले थेंब संपले असतील तर मेडिकलवाल्याला जुनी बाटली दाखवा, नाव सांगत बसू नका. हिरवी शाल बाहेर काढा. ती नवी आहे म्हणून ट्रंकेत ठेवायची नसते.

बोलते आहे खरी मोठ्याने, पण पत्र टाकताना माझे हात लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना थरथरायचे तसे थरथरताहेत. तेव्हा तुम्ही सही करून पेन माझ्या केसांत खोचायचे.

मंगळवारी ड्यूटी संपल्यावर फोन करीन. बाबा, पेटीबद्दल काहीच बोलायचं नसेल तर नका बोलू, फक्त एक सांगा. संध्याकाळचं गीत तुम्ही कोणत्या पट्टीत धरायचे? मी काळी एकमध्ये धरते, तर शेवटच्या कडव्याला माझा आवाज वर पोचत नाही. आई म्हणते पांढरी एक. दादा काळी दोन म्हणायचा.

तुमची,
बेबी