वादळ वळतं ते कुणाच्या जोरावर

एडिसन, न्यू जर्सी
२१ सप्टेंबर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू वैतागून म्हणालास, "तुमचे हवामानवाले वादळाच्या वाटेची काल एक रेघ दाखवतात, आज दुसरीच. भर समुद्रात मोकळं रान असताना वादळ वळतंच कशाला?" मीटिंग सुरू होत होती म्हणून तेव्हा 'हो हो' करून फोन ठेवला. पण प्रश्न नेमका विचारलास, म्हणून हे सविस्तर लिहितोय. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास.

पहिलं म्हणजे समुद्रावर मोकळं रान नसतंच. टीव्हीवर ढगांचं चक्र आणि मधला डोळा तेवढा दिसतो, आणि वाटतं सगळा जोर त्याच्याच अंगात आहे. गरगर फिरण्याचा जोर त्याचाच. पुढे सरकण्याचा मात्र जवळजवळ सगळा उसना. संध्याकाळी दादरला आपण लोकलमधून उतरायचो ते आठवतंय ना? उतरायचो कसले, गर्दी आपल्याला उतरवायची. वादळाचंही तसंच: भोवतालची, शेकडो किलोमीटर पसरलेली हवा जिकडे वाहत असेल तिकडे ते जातं. स्वतःची म्हणून थोडी ओढ असते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे येणारी, आपल्या गोलार्धात वायव्येकडे. पण ती अगदीच किरकोळ.

अटलांटिकमध्ये ही हवा हाकणारा मुख्य गडी म्हणजे बर्म्युडा आणि अझोर्स बेटांच्या पट्ट्यात ठाण मांडून बसणारा उच्च दाब. त्याच्याभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. आफ्रिकेकडून निघालेलं वादळ त्याच्या दक्षिण कडेने पश्चिमेला येतं, त्याचं टोक संपलं की उत्तरेला वळतं आणि आणखी वर गेलं की पश्चिमी वाऱ्यांच्या तावडीत सापडून ईशान्येला निघून जातं. हा उच्च दाब पश्चिमेला फ्लोरिडापर्यंत पसरला असेल तर वादळ मेक्सिकोच्या आखाताकडे ढकललं जातं. आखडला असेल तर ते भर समुद्रातच वळतं आणि फार तर जहाजांना त्रास देतं. म्हणजे वादळ दोन दिवसांनी कुठे असेल हे बघायचं तर आधी हा उच्च दाब दोन दिवसांनी कुठवर असेल ते बघावं लागतं.

यात आणखी एक मेख आहे. कमजोर वादळ बुटकं असतं, त्याला खालचे वारे ढकलतात. तेच जोमात आलं की बारा-तेरा किलोमीटर उंच वाढतं आणि मग वरच्या थरांतले वारेही त्याला ओढायला लागतात. वर-खाली वारे वेगवेगळ्या दिशांना असले, तर वादळ किती तगडं होणार यावर ते जाणार कुठे हेही ठरतं. एक अंदाज चुकला की दुसरा चुकलाच.

आता सँडी वादळाचं सांगतो, २०१२ चं. २४ ऑक्टोबरला जमैका, २५ ला क्यूबा, मग बहामा असं करत ते अमेरिकेच्या किनाऱ्याला समांतर वर यायला लागलं. ऑक्टोबरअखेरीस असं वादळ ईशान्येला निघून जाणार, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण त्या आठवड्यात ग्रीनलंडच्या बाजूला उच्च दाब असा बसला होता की ईशान्येची वाट बंद. त्याच वेळी पश्चिमेकडून अमेरिकेवर थंड हवेची खोल द्रोणी सरकत आली. द्रोणी म्हणजे वरच्या वाऱ्यांना दक्षिणेकडे पडलेला मोठा बाक. एकाने अडवलं, दुसऱ्याने आत ओढलं. सँडी २९ तारखेला चक्क डावीकडे, वायव्येला वळलं आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला अटलांटिक सिटीजवळ ब्रिगंटाइनला जमिनीवर आलं. नेमकी कोजागिरी होती त्या दिवशी. दूध आटवायचं सोडून आम्ही बादल्या भरून ठेवत होतो.

पौर्णिमेचं उधाण, आणि वादळ जवळजवळ काटकोनात आलेलं, त्यामुळे त्याच्या उत्तरेकडच्या वाऱ्यांनी समुद्र सरळ न्यूयॉर्कच्या खाडीच्या कोपऱ्यात कोंबला. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला पाणी ओहोटीच्या सरासरी पातळीपेक्षा ४ मीटरहून वर चढलं. वाऱ्यांचा जोर तोवर खरं तर पहिल्या, म्हणजे पाचांतल्या सगळ्यात सौम्य श्रेणीइतकाच होता. घात केला तो दिशेने आणि आकाराने. टिमोथी हॉल आणि अ‍ॅडम सोबेल या दोन शास्त्रज्ञांनी पुढे हिशेब मांडला, की न्यू जर्सीला इतक्या सरळ अंगाने अशी धडक बसणं म्हणजे सुमारे ७०० वर्षांतून एकदा. नंतर इथे गाडीच्या नंबरचा शेवटचा आकडा सम की विषम यावर पेट्रोल मिळत होतं, आणि पंपावर अगदी सभ्य माणसंसुद्धा हमरीतुमरीवर येत होती.

हे वळण युरोपियन हवामान केंद्राच्या संगणकी मॉडेलने आठवडाभर आधी दाखवलं होतं. अमेरिकेचं मॉडेल मात्र तेव्हा सँडीला खुशाल समुद्रात धाडत होतं. इथल्या लोकांना ते चांगलंच झोंबलं. मग देशभरात वरची हवा मोजायला फुगे सोडायचे तेही दिवसाला दोन वेळांऐवजी चार वेळा सोडले, कारण द्रोणी जमिनीवर होती आणि वादळाचं उत्तर तिच्यात होतं.

याच कारणासाठी एक जेट विमान उडवतात, तेही वादळात नव्हे, त्याच्या आजूबाजूने. १२-१३ किलोमीटर उंचीवरून ते हातभर लांबीच्या नळ्या टाकत जातं. प्रत्येकीला छोटी छत्री, आत दाब, तापमान, दमटपणा मोजणारी यंत्रणा आणि जीपीएस. समुद्रात पडेपर्यंत ती नळी वरच्या विमानाला आकडे कळवत राहते, मग संपली. मला हा खर्च अजिबात फुकट वाटत नाही.

आणि कधी कुणीच ढकललं नाही तर? २०१९ साली डोरियन वादळ ताशी २९५ किलोमीटरच्या वाऱ्यांनिशी बहामावर आलं, आणि तेव्हाच वरचा उच्च दाब ढिला पडला. वादळ ग्रँड बहामावर दिवसभराहून जास्त काळ तसंच घुटमळत राहिलं. माझ्या मते सगळ्यात भयंकर प्रकार हाच.

तुमच्या अरबी समुद्रात मैदान लहान, म्हणून चूक करायला वाव कमी. २००७ चं गोनू वादळ ओमानला गेलं, २०१९ चं वायू गुजरातच्या तोंडाशी येऊन पश्चिमेला फिरलं. निसर्ग वादळ आधी उत्तरेला निघालं, मग ईशान्येकडे वळलं आणि ३ जून २०२० ला तुमच्या अंगावर आलं. श्रीवर्धनच्या वाड्यांचं काय झालं ते मी तुला काय सांगणार.

तर रेघ बदलली की हवामानवाल्यांना शिव्या घालू नकोस. मुळात रेघ बघूच नकोस. तिच्याभोवती जो फुगत जाणारा पट्टा काढतात तो बघ. तो वादळाचा आकार नसतो. वादळाचं केंद्र त्या पट्ट्यात राहण्याची शक्यता इथल्या नकाशांत साधारण तीनात दोन एवढीच धरलेली असते. आणि फोनवर वाऱ्यांचा नकाशा उघडशील तेव्हा जमिनीलगतचा नको, ५०० हेक्टोपास्कलचा थर लाव, म्हणजे साडेपाच किलोमीटर वरचा. उच्च दाब कुठवर आलाय, द्रोणी कुठे आहे, ते तिथे दिसतं. एकदा जमलं नाही तर रविवारी व्हिडिओ कॉल कर, मी दाखवतो. तुमच्या सकाळी कर पण, दुपारी केलास तर इथे सगळे झोपलेले असतात.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद