निर्मात्या कंपनीचं पत्र आणायचं कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-कोल्हापूर भागातल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत 'कोहा' ही पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारी संगणक प्रणाली बसवून देणं आणि पुढं तिची देखभाल करणं हा माझा व्यवसाय आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेलं हे सॉफ्टवेअर 2000 सालापासून सर्वांना खुलं आहे. परवान्याचे पैसे पडत नाहीत, पण काम भरपूर पडतं. सर्व्हर लावा, रोजचा बॅकअप बघा, जुना डेटा आणा. त्यात मराठी पुस्तकांच्या नोंदी सगळ्यांत किचकट. त्या युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात आणि कन्व्हर्टरमधून काढताना रफार हमखास घसरतो. 'सूर्य'चं 'सूयर्' झालं की ते पुस्तक कपाटात असूनही संगणकावर शोधणाऱ्याला सापडत नाही. म्हणून प्रत्येक नोंद डोळ्यांखालून घालावी लागते.

हे काम मागणाऱ्या निविदेत एक अट ठरलेली असते: 'हा आमचा अधिकृत माणूस' असं सांगणारं निर्मात्या कंपनीचं अधिकारपत्र जोडावं. कोहाची मालकी कोणा एका कंपनीकडे नाही. जगभरचे प्रोग्रामर मिळून ते सांभाळतात. मग पत्र देणार कोण? एका महाविद्यालयानं तेवढ्या एका कागदावरून माझी निविदा तांत्रिक छाननीतच बाद केली. केंद्र सरकारनं 2015 मध्येच आपल्या कार्यालयांसाठी ओपन सोर्सला, म्हणजे कोहासारख्या सर्वांना खुल्या सॉफ्टवेअरला, प्राधान्य देण्याचं धोरण आणलं. निविदेचे नमुने मात्र अजून विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरचेच आहेत.

तरीही त्या अटीमागची भीती मला खोटी वाटत नाही. उद्या ही काम करून देणारी बाई फोन उचलेनाशी झाली तर विचारायचं कोणाला? सर्व्हरचा पासवर्ड बसवून देणाऱ्याकडेच राहिलेला आणि महाविद्यालयाचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती आठवड्यावर आलेली, अशा अवस्थेतली ग्रंथालयं मी पाहिली आहेत. त्या ग्रंथपालांना दाद मागायला जागाच नव्हती.

म्हणून कोहा, मूडल (ऑनलाइन शिकवण्यासाठी), ईआरपीनेक्स्ट (हिशेब-कारभारासाठी), लिनक्स सर्व्हर अशा खुल्या सॉफ्टवेअरवर पोट असलेल्या आपण सर्वांनी नोंदणीकृत व्यावसायिक संघटना उभी करावी. पुण्या-मुंबईत लिनक्सवाल्यांचे गट आहेत, मीही अशाच गटांतून शिकले; पण ते शिकवतात, कोणाच्या कामाची हमी घेत नाहीत. संघटनेनं ती घ्यावी. काम संपताना पासवर्ड, डेटाबेसचा बॅकअप आणि केलेल्या मांडणीची लेखी टिपणं संस्थेच्या ताब्यात देणं सभासदाला बंधनकारक हवं. तो आजारी पडला किंवा व्यवसाय सोडून गेला तर दुसऱ्या सभासदानं काम पुढं न्यावं. तक्रार आली तर सुनावणी व्हावी आणि दोषी ठरलेल्याचं नाव यादीतून जावं. अशा संघटनेचं पत्र निर्मात्याच्या पत्राऐवजी चालावं, असा आग्रह मग उच्च शिक्षण विभागाकडे धरता येईल. दर ठरवण्यात मात्र संघटनेनं पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शंभर पुस्तकांची शाळा आणि लाखभर ग्रंथांचं महाविद्यालय एका दरात बसणार नाही.

1860 च्या संस्था नोंदणी कायद्याला सात माणसं पुरतात. आम्ही काही जण संघटनेच्या घटनेचा मसुदा लिहायला बसलो आहोत. हे वाचणाऱ्या ग्रंथपालांना विनंती, की काम हाती घेताना आणि सोडताना आमच्याकडून नेमकं काय लिहून घ्यायला हवं ते तुम्ही सांगा. ती कलमं तुमच्या अनुभवातूनच यायला हवीत.

आपली,
एक कोहा तंत्रज्ञ, मिरज