काका, घर बांधलं

तीर्थरूप काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्हाला एकट्याला पाठवलं असतं तर तुम्ही 11 टाकून मोकळे झाला असता.

(बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते. काका माझे सख्खे नव्हेत, रात्री ऑनलाइन एकत्र गेम खेळणाऱ्या आमच्या टोळीतले. तो गेम म्हणजे राज्य उभारून लढायचा एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग. त्यात चॅटमध्ये नुसता आकडा टाकला की सगळ्यांना एक ठरलेला आवाज ऐकू जातो. 11 म्हणजे खदाखदा हसू. 14 म्हणजे 'सुरू करा की एकदाचं'. 13 म्हणजे 'हो हो, चूक तुमच्या इंटरनेटवाल्याचीच'. 20 म्हणजे 'माझी आजी याहून बरी लढते'. मूळ गेम 1999 चा. लढाईत माणसं एकमेकांना टोमणे मारणारच, हे ओळखून करणाऱ्यांनी त्यांची आयती सोय करून ठेवली.)

शुक्रवारी तुम्ही उशिरा आलात, त्यामुळे काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. आपल्या टोळीतल्या पुणेकराच्या ओळखीचा एक नवा मुलगा आला होता. चार विरुद्ध चार, नकाशा अरेबियाचा. डाव लागायच्या आधी मी म्हटलं, "डावीकडचा फ्लँक मी घेते." माझा आवाज ऐकला आणि पोराची भाषाच बदलली. "मॅडम, तुम्ही पॉकेटला बसा ना. समोरचं आम्ही बघतो." (फ्लँक म्हणजे कडेची, शत्रूला थेट भिडणारी जागा. पॉकेट म्हणजे आतली, सुरक्षित.)

पोटात तो जुना गोळा उठला. मी काही बोलणार, एवढ्यात आपला नगरवाला ओरडला, "ए, तिला बसायला नको सांगूस, तिला घर बांधायला सांग!" लगेच पुणेकरही त्याच्या सुरात सूर मिसळून, "बारके, घर बांध!" ते पोर बिचारं गोंधळलं. मी माइक बंद केला आणि रडले. खरंच रडले काका, चांगली दोन मिनिटं. त्या भरात मेंढरं शोधायची राहिली आणि त्यांचा स्काउट, म्हणजे टेहळणीचा घोडेस्वार, माझी दोन पळवून घेऊन गेला. डाव हरलो. कारण आजवर सांगितलं नव्हतं, आज सांगते.

ते 'घर बांध' तुमचं आहे.

मी नाशिकची. 2003 मध्ये कॉलेज रोडच्या एका सायबर कॅफेत माझा भाऊ आणि त्याचे मित्र हाच गेम खेळायचे, मी त्याच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी असायचे. घोडदळासमोर भालेवाले, भालेवाल्यांसमोर धनुर्धारी, धनुर्धाऱ्यांसमोर स्कर्म (भालाफेके), हे मला तेव्हाच पाठ. माउस मात्र कधी हातात मिळाला नाही. "तू बघ ना," म्हणायचा भाऊ. मी बघितलं. वीस वर्षं बँकेत नोकरी, लग्न, लेक, आणि मग एके दिवशी लॅपटॉपवर नवी आवृत्ती विकत घेतली. माझ्या पैशांनी आणि माझ्या माउसनं.

तुमच्याआधी दोन टोळ्या झाल्या. पहिलीबद्दल फार लिहीत नाही. तिथं माझा आवाज ऐकल्यावर जे सुरू झालं ते आई-बहिणीवरून सुरू होऊन कुठं गेलं, ते लिहायला हा कागद नाही. चौथ्या दिवशी बाहेर पडले.

दुसरी टोळी सुशिक्षित आणि सभ्य होती. मला जास्त लागलं ते तिथंच. "ताई, तुम्ही मागे निवांत शेती करा आणि आम्हाला सोनं पाठवत चला." मी पाठवत चालले. मार्केटमधून मित्राला काही पाठवलं की सुरुवातीला वरून 30 टक्के कापले जातात, म्हणजे त्यांच्या हातात 100 पडायला माझ्याकडून 130 जाणार. जिंकलो की "काय खेळलो आपण!", हरलो की "असू दे ताई, तुम्ही शिकताय." चार महिने मी शिकतच होते. एकमेकांना गाढवापासून गेंड्यापर्यंत सगळं म्हणायचे, हसून हसून लोळायचे आणि माझी पाळी आली की आवाज खाली. आजाऱ्याच्या खोलीत शिरताना माणसं उतरवतात तसा. त्या चार महिन्यांत मला कुणी एकदाही मूर्ख म्हटलं नाही, आणि मूर्खपणा मी रोज करत होते. त्या सद्गृहस्थांपैकी कुणी हे वाचत असेल तर माझं तेवढं सोनं परत करा. कापलेल्या 30 टक्क्यांसकट.

म्हणून तुमच्या टोळीत आले ती मुकी होऊन आले. तीन आठवडे नुसतं टाइप. माझ्या गेममधल्या नावावरून बाई की बाप्या ते कळत नव्हतं, आणि स्कोअर कायम तळाला, म्हणून तुम्ही नाव ठेवलंत 'बारक्या'. मला चाललं. माइकची सगळ्यांची भांडणं ऐकत मजेत खेळत होते. पुणेकर दर वेळी हिंदुस्थानी फौज घेऊन उंटांचे तांडे काढतो म्हणून तो 'उंटावरचा शहाणा'. नगरवाल्यानं स्वतःच्याच तटबंदीत स्वतःचे घोडे कोंडून घेतले तेव्हा त्याला 'कुंपण' हे नाव पडलं. ते आजही चिकटलेलं आहे.

आणि मग गेल्या पावसाळ्यातली ती रात्र.

रानडुक्कर ओढून आणत होते. (त्याला बाण मारून अंगावर घ्यायचं आणि टाउन सेंटरपर्यंत, म्हणजे जिथं नवी माणसं तयार होतात त्या टीसीपर्यंत, जीव घेऊन पळायचं, म्हणजे घराजवळ मांस मिळतं.) पळताना माझा एक माणूस गेला. त्या गडबडीत वर बघितलं तर माणसं आणि जागा यांचा आकडा 25/25, आणि तो लुकलुकतोय. नवीन माणूस तयार होईना. स्कोअर जागच्या जागी. एक हात माउसवर, दुसरा कीबोर्डवर डुकरापासून बाकीच्यांना वाचवण्यात गुंतलेला, टाइप करणार कशानं? बोलण्याचं बटण दाबलं गेलं आणि तोंडातून निघून गेलं, "माझी माणसंच तयार होत नाहीयेत, काय झालंय?"

शांतता.

ती शांतता मला अजून ऐकू येते. कुणाच्या तरी घरातला पंखा, कुणाच्या तरी गल्लीतलं कुत्रं. तीन सेकंदांची असेल. मी मनात दोन्ही उत्तरं तयार ठेवली होती. एक फिदीफिदी हसण्यासाठी, दुसरं "अरे, ताई आहेत होय!" साठी. बोट बाहेर पडायच्या बटणावर.

आणि तुमचा तो खरखरीत आवाज आला, "अगं मग घर बांध की! घर न्हाई, दार न्हाई, माणसं काय झाडावर ठेवतीस? दोन मिनटं झाली टीसी झोपलाय तुझा, भोपळे! आन् डाव्या टेकडीवर बघ, त्यांचा घोडेवाला फिरतोय."

एवढंच, काका.

आदल्या दिवशी नगरवाला 'भोपळ्या' होता. मला तुम्ही 'भोपळे' म्हणालात. मी बाई आहे ही जी काही मोठी बातमी होती, ती तुम्ही एका मात्रेत आटोपलीत. ना सॉरी, ना थट्टा, ना चौकशी. त्याच श्वासात डावी टेकडी. मला कुणी सांगितलं असतं की एक दिवस एका अनोळखी माणसानं भोपळा म्हटल्यावर तुझे डोळे भरून येतील, तर मी त्यालाच भोपळा म्हटलं असतं.

त्यावर पुणेकर म्हणाला, "लग्न पहावं करून, घर पहावं बांधून, उगीच नाही म्हणत." आणि नगरवाल्यानं 20 टाकलं. झालं, मी टोळीत.

घर बांधलं मी. 25 लाकूड, 25 सेकंद, पाच माणसांची सोय. एक माणूस तयार व्हायलाही 25 सेकंदच लागतात, म्हणजे दोन मिनिटं झोपलेला टीसी ही जवळजवळ पाच माणसांची चोरी, आणि ती आपणच आपल्या घरात केलेली. हा हिशेब नंतर तुम्हीच मला मांडून दाखवलात, तोही "शेंबडं पोरसुद्धा सांगंल" अशी प्रस्तावना करून. दुसऱ्या टोळीनं चार महिन्यांत हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी चुकत होते हे आधी म्हणावं लागलं असतं, आणि ताईंना कसं म्हणायचं!

तुमच्याकडून शिकले ते सगळं असंच शिव्यांत गुंडाळून आलं. टेकडीवरून खाली मारलं की मार 25 टक्के जास्त बसतो आणि खालून वर मारणाऱ्याचा तेवढाच कमी होतो, हे मी कधीतरी वाचलं होतं. डोक्यात शिरलं ते तुम्ही ओरडलात तेव्हा, "अगं वर चढ, वर! आमच्या वाईकडची शेळीबी उंचावर उभी राहती!" एसटीच्या वर्कशॉपमध्ये अख्खी नोकरी काढलेला माणूस तुम्ही. ट्रेब्युशे (दगड फेकायचं अवजड यंत्र) उभा करायला वेळ लागला की म्हणता, "शिवशाहीच्या आधी पोचंल काय?" 2022 मध्ये गेममधल्या जुन्या 'इंडियन्स'चे हिंदुस्थानी झाले आणि गुर्जर, द्रविड, बंगाली असे तीन नवे आले तेव्हा म्हणे तुम्ही आठवडाभर रुसून होता, की आमचे मावळे कुठायत. रुसवा गेला तो गुर्जरांच्या गिरणीत मेंढरं कोंडली की अन्न मिळत राहतं हे कळल्यावर. पुणेकर सांगतो, त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना फोन करून ते सांगितलंत.

आणि तुमच्या शिव्या सगळ्या भाजीबाजारातल्या. भोपळा, रताळं, गवार, जास्तच चिडलात तर सडका कांदा. जात नाही, आई नाही, रंग नाही, कुणाच्या घरची परिस्थिती नाही. दिवाळीत आपल्याच बाजूच्या एकानं समोरच्या पोराला नको ते लिहिलं होतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. त्या समोरच्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत माफी लिहिलीत आणि पुढच्या डावाला आपल्यातल्या त्या माणसाची जागा रिकामी ठेवलीत. तीन विरुद्ध चार खेळलो, मार खाल्ला. तुम्ही म्हणालात, "चालतंय. पुढचा लाव."

हे सगळं झाल्यापासून माझी माणसं पारखायची पद्धतच बिघडली आहे. सुट्टे नाहीत म्हणून कलेक्टरपासून कॉलेजकुमारापर्यंत सगळ्यांवर सारखाच खेकसणारा कंडक्टर मला आवडायला लागलाय. बँकेत "मॅडम, तुम्ही राहू द्या, साहेबांना विचारतो" म्हणणाऱ्या गोड माणसापेक्षा, "व्याज चुकलंय तुमचं, बघा जरा!" म्हणून काउंटरवर पासबुक आपटणाऱ्या आजोबांना मी आधी घेते. व्याज त्यांचंच चुकलेलं असतं, ते सोडा. पण ते माझ्याशी भांडतात. मी भांडण्याइतकी आहे असं त्यांना वाटतं.

लेकीनं परवा विचारलं, "आई, तुला रात्री भोपळे कोण म्हणतं?" मी म्हटलं, आमचे काका. ती म्हणाली, "मग तू हसतेस का?" तिला आकडेमोड येते, म्हणून तिला ते 25-25 चं गणित सांगितलं. ते तिला आवडलं. बाकीचं कळायला तिला अजून वेळ आहे. लवकर कळायची वेळ येऊ नये.

तर, काका, आभार. हा शब्द मी तुम्हाला माइकवर कधीच म्हणू शकणार नाही, तुम्ही लगेच "बया बया, ही आजारी हाय काय?" म्हणाल.

त्या नव्या पोराला रविवारी परत बोलवा. मी त्याला मेसेज केलाय. तो वाईट नाही, नुसता घाबरट आहे. त्याची पहिली भाजी ठरवायचा मान मला द्या, मी 'दोडका' राखून ठेवलाय.

रविवारी रात्री दहाला. डावा फ्लँक माझा, वाद नको.

आणि हो, मागच्या रविवारच्या डावाचं रेकॉर्डिंग काल शांतपणे बघितलं. तुमच्या बाजूनं. चौदाव्या मिनिटाला तुमचा आकडा 45/45 वर चाळीस सेकंद लुकलुकत होता. 'कुंपण'ला अजून सांगितलेलं नाही.

तुमची,
बारकी