शाळा बुडवून आलेला दहा वर्षांचा कॅडी

महोदय,

'गोल्फ म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले' हे वाक्य कानावर आले की मला १९१३ची गोल्फची यूएस ओपन स्पर्धा आठवते. मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइनचे मैदान. रस्त्यापलीकडेच फ्रान्सिस विमेट याचे घर. लहानपणी त्याने याच मैदानावर कॅडी म्हणून लोकांच्या गोल्फ-काठ्यांच्या पिशव्या वाहिल्या होत्या. वय २०, हौशी खेळाडू, नोकरी खेळसाहित्याच्या दुकानात.

समोर कोण, तर हॅरी वॉर्डन आणि टेड रे, त्या काळचे इंग्लंडातील दादा व्यावसायिक. चार फेऱ्यांनंतर तिघांचेही फटके ३०४! २० सप्टेंबरला चिखलात पुन्हा अठरा होलचा सामना झाला. विमेटची पिशवी होती एडी लोअरी या दहा वर्षांच्या पोराकडे. त्या काळचे छायाचित्र पाहा, पिशवी जवळजवळ त्याच्याएवढीच दिसते. 'आज तरी मोठा माणूस घे' असा आग्रह झाला, पण विमेट बधला नाही. निकाल (ज्याचे फटके कमी तो विजयी) : विमेट ७२, वॉर्डन ७७, रे ७८.

पुढे मात्र त्याने क्रीडासाहित्याचा व्यवसाय काढला म्हणून १९१६मध्ये अमेरिकी गोल्फ संघटनेने त्याचा हौशी दर्जाच काढून घेतला. दोन वर्षांनी तो परत दिला म्हणा!

आपल्या क्रीडापानावर गोल्फच्या वाट्याला बहुधा बक्षिसाच्या रकमेपुरत्या दोन ओळी येतात. कधीतरी पिशव्या वाहणाऱ्या पोरांवरही लिहा की. आपल्याकडच्या मैदानांवरही ती आहेतच.

– एक वाचक, पुणे