गडावर जाताना अत्तर नको

पावसाळा सरला की सोयगाव तालुक्यातील वेताळवाडी आणि कन्नड तालुक्यातील अंतूर या किल्ल्यांकडे तरुणांची पावले वळतात, ही आनंदाचीच बाब आहे. मात्र कडेकपारीत लोंबणाऱ्या आग्या मोहोळांचे भान फार थोड्यांना असते. गेल्या वर्षी आमच्यातील एकाने बुरुजाच्या सावलीत अत्तर लावले आणि क्षणात घोंघावत आलेल्या माश्यांनी त्याचे कान, पापण्या सुजवून टाकल्या. उग्र वास व धुराने या माश्या चवताळतात, आणि डंखाच्या जागी सुटणाऱ्या गंधामुळे आणखी माश्या तिथेच धावून येतात. म्हणून हात न झटकता, तोंड झाकून तत्काळ दूर जावे आणि श्वास लागल्यास १०८ क्रमांकावर कळवावे. संबंधित विभागाने पायथ्याशी तसा ठळक फलक लावावा, ही कळकळीची विनंती.

– एक दुर्गप्रेमी, कन्नड